मांजर पडण्याआधी

दि. ३ जून

ती. ताईस,
सा. न., तोही लेखीच. कंबर आता वाकू देत नाही.

दोघं दिवसभर करता काय, असं विचारलंस. जपानी कार्टून बघतो. नातीने जाताना लावून दिलं, ते हिला आवडलं. एक जाडं मांजर पत्र्यावरून चालतं आणि शेवटी पाण्याच्या पिंपात पडतं. रोज तोच भाग, जेवणापर्यंत. हिला दर वेळी नवा.

बघून बघून माझ्यातला तर्कशास्त्राचा निवृत्त मास्तर जागा झाला. ताई, पडद्यावर मांजर चालतच नाही. सुटी चित्रं असतात, एक गेलं की दुसरं. चालणं आपण जोडतो. बौद्ध हेच म्हणत: टिकणारं कोणी नाही, नुसती क्षणांची रांग. मी जन्मभर वर्गात नैयायिकांच्या बाजूने भांडलो, की आठवण आहे म्हणजे आठवणारा एकच आहे. आता ही मला विचारते, तुम्ही तुमच्या घरी कधी जाणार. आठवण गेली, माझ्याच युक्तिवादाने आठवणारीही गेली.

शुश्रूषागृहात एक खोली रिकामी झाली आहे. महिनाअखेर कळवायचंय. जिच्याशी लग्न केलं ती ही नाहीच, तर पाठवण्यात पाप कसलं? तुझं मत कळव.

लोभ आहे तेवढा पुरे. वाढवलास तर ठेवायला जागा नाही.
तुझा धाकटा

दि. ९ जून

चि. पंडितास,
अ. आ., आणि कान धरलाय असं समज.

कार्टून कळलं, बौद्धही कळले. तू झोपतोस किती, तिला अंघोळ कोण घालतं, हे मात्र दोन हजार वर्षांच्या भांडणात लिहायचं राहून गेलं.

माझा जन्म वॉर्डात गेला. माणसं थकतात, आपलं माणूस आमच्या हवाली करतात आणि खाली मान घालून जातात. पण पेशंट मुळात अस्तित्वातच नाही, असं एकानेही सिद्ध करून दाखवलं नव्हतं. खोली घे. थकलोय म्हणून घे. तिला आधी नाहीशी करून मग पाठवू नकोस. आणि कंबरेला पट्टा लाव.

मायेत कसर नाही, बोलण्यातही नाही.
ताई

दि. १८ जुलै

ती. ताईस,
सा. न. पट्टा लावूनच लिहितोय.

तुझं पत्र आल्यावर पडदा सोडून हिच्याकडे बघत बसलो. मांजर पत्र्याच्या कडेला येतं, अजून पडलेलं नसतं, आणि ही हसते. रोज. पुढचं तिला ठाऊक असतं. म्हणजे आठवणारी आत आहे. जन्मभराचा वाद जिंकलो, आणि घरात तोंड लपवायला कोपरा सापडेना.

त्याच आठवड्यात तिला उठवताना दोघंही जमिनीवर बसलो ते शेजाऱ्याने येऊन उठवेपर्यंत. खोली घेतली. ती तीच आहे हे माहीत असून घेतली.

टीव्ही तिकडेच नेला. दुपारी मी जातो. तिच्या लेखी मी अजून कोणी पाहुणाच. पण काल मांजर कडेला आलं तेव्हा ती हसली नाही. वळून माझ्याकडे बघत थांबली, मी हसतो का ते बघायला. मी हसलो. मग ती हसली. मांजर नंतर पडलं.

लोभ वाढवलास तरी चालेल. घरात आता जागा आहे.
तुझा धाकटा