जंतूंची दुपारची सुट्टी

मुक्काम भद्रावतीजवळ,
९ डिसेंबर १९८६

तीर्थरूप मनसाराम भाऊजींना,

धाकट्या साळ्याचा हात धुऊन (दोनदा, साबणाने) नमस्कार. आमच्या बहिणीची, गोकुळाबाईची, कंबर कशी आहे? इकडे सर्व ठीक म्हणावं तर खोटं होईल, म्हणून ठीक नाही तेच सविस्तर लिहितो.

तुम्ही सावली गावात सगळ्यांना सांगता की आपला खुशाल पाणीखात्यात आहे. बरोबरच आहे. फक्त लोकांचं वापरून झालं की ते पाणी माझ्याकडे येतं. कॉलनीतल्या सहाशे घरांचं मोरी-संडासाचं पाणी आधी जाळीतून जातं (तिथे काय काय अडकतं ते जेवणाआधी वाचू नका, एकदा अख्खी कवळी निघाली, अजून मालक फिरकला नाही), मग गाळ खाली बसतो आणि उरलेलं पाणी मोठ्या हौदात येतं. तिथे डोळ्यांना न दिसणारे जंतू घाण खाऊन पाणी साफ करतात. खरे कामगार ते, मी नुसता मुकादम. पण त्यांनाही श्वास लागतो. म्हणून मोटार दिवसरात्र पाणी घुसळून हवा भरते आणि आमच्याकडची निम्मीअधिक वीज एकटी पिते. साफ झालेलं पाणी शेवटी तळ्यात साठतं. आता मासेमार ढिवराच्या पोराने उभं पाणी पाहावं आणि त्यात माशांची बोटुकली सोडू नये, हे कसं व्हावं? सोडली, कुणाला न विचारता.

नव्या साहेबांनी विजेचं बिल पाहिलं आणि हुकूम काढला: मोटार दुपारी बारा ते सहा बंद. चौथ्या दिवशी जंतू गुदमरले आणि असा वास सुटला की विचारू नका. नेमके त्याच दिवशी साहेबांच्या मुलीला पाहायला पाहुणे आलेले, वारा बंगल्याकडे. पाहुणे पोहे टाकून उठले. साहेबांनी मला बोलावलं. "काऊन बे, झोपा काढून राह्यला होता का? घरीच पाठवतो तुले!" मला कायम करायचा कागद त्यांच्याच टेबलावर. भाऊजी, चार वर्षं रोजंदारीत गेली, आणि बायको प्रेमिला तर न मिळालेल्या क्वार्टरच्या दाराला रंग ठरवून बसली आहे.

मग चौकशीला नागपूरहून मोठे साहेब आले. मी त्यांना भर दुपारी तळ्यावर नेलं. म्हटलं, "साहेब, मले यंत्रातलं नाई समजत, पण मासा तोंड वर काढून राह्यला म्हणजे पाण्यात हवा नाई." मोटार सुरू केली. हवा भरलेलं पाणी तळ्यात पोचलं आणि ते जेवून परत येईपर्यंत मासे पुन्हा खाली. मोठे साहेब खूश, हुकूम रद्द. मासे सोडायची कल्पना कुणाची, असं त्यांनी विचारलं, तर आमचे साहेब म्हणाले, "माझीच." मी मान डोलावली, कारण कागदावर सही त्यांचीच व्हायची आहे. सोमवारी मासे पाहायला नागपूरची मंडळी येताहेत. सही त्यानंतर.

गोकुळाबाईला नमस्कार.

आपला,
खुशाल

ता. क. शनिवारच्या एस.टी.ने वीतभर लांबीचे दीड-दोनशे रोहू डब्यांतून जिवंत पाठवा. तळ्यात तीनच उरलेत. गेल्या आठवड्यात आपल्या गावच्या लच्छूच्या हाती तुम्हाला रश्शाचा डबा पाठवला, तो तिथलाच.

आणखी एक. हुकूम सहापर्यंतचाच होता. मोटार मी रात्री नऊला सुरू करीत होतो. गुदमरून वर आलेल्या माशाला जाळं लागत नाही, टोपल्याने उचलता येतो. साहेबांच्या मुलीसाठी तिकडे एखादं चांगलं स्थळ असलं तर कळवा. पोरीचं वाईट वाटतं हो.