वर्ग एकटा सोडायचा नाही

२ सप्टेंबर, सोमवार

आज माझा शाळेचा पहिला दिवस! वयाच्या बावन्नाव्या वर्षी हे वाक्य लिहिताना हसू आवरत नाहीये. अठ्ठावीस वर्षं रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत छटा तपासण्यात गेली. कारखाना बंद पडला तेव्हा जो तो सांगायला लागला, आता आराम करा. आराम म्हणे! मी सरळ शिक्षकांच्या प्रशिक्षणाला नाव घातलं. शेजारी बसणारी पोरगी माझ्या लेकीहूनही लहान. आधी मला मावशी म्हणून चिडवायची, परीक्षा जवळ आल्यावर माझ्याच वह्या मागायला लागली. आता उरलं एक वर्ष, खऱ्या वर्गात शिकवायचं.

निघताना लेकीने बजावलं की लगेच सगळ्यांची कामं अंगावर ओढून घेऊ नकोस. तिच्या मते ‘आण इकडे’ हे दोन शब्द माझ्या कपाळावर लिहिलेत, कुणाच्या हातात ओझं दिसलं की माझा हात पुढे झालाच. आणि हे सांगतंय कोण, तर सातव्या महिन्यात शेजारच्या आजींच्या पिशव्या दोन जिने चढवून देणारी! माझ्यावरच गेलीय कार्टी. जावई कामासाठी दूर, घरात आम्ही दोघीच. बाळंतपणात तिच्या उशाशी असेन असा शब्द दिलाय मी तिला.

३ सप्टेंबर, मंगळवार

मुख्याध्यापिकेला इथे सगळे मोठ्या बाई म्हणतात. आहेत मात्र चणीने एवढ्याशा. त्यांनी नियमांचा कागद दिला आणि वर एक नियम तोंडी सांगितला. वर्ग एकटा सोडायचा नाही. घंटा झाली तरी पुढचा शिक्षक दारात येऊन आपल्या हातातून हजेरीपट घेईपर्यंत हलायचं नाही. वर्ग म्हणजे चुलीवरचं दूध, म्हणाल्या, पाठ फिरली की उतू गेलंच. मी म्हटलं, कारखान्यात पाळी बदलतानाही असंच असायचं, काळजी नको.

आठवीवर पहिला तास घेतला. आम्ल आणि अल्कली. एका कारट्याने विचारलं की लिटमसचा कागद बाईंच्या जिभेला लावला तर कुठला रंग येईल. वर्ग हसला, मीही हसले. जमतंय गं बाई मला हे!

५ सप्टेंबर, गुरुवार

शिक्षकांच्या खोलीत वेळापत्रक लावलंय. त्यात सगळ्यात खाली पेन्सिलीने ‘नववी क’ लिहिलंय आणि पुढचे सगळे चौकोन कोरे. कुणाचा वर्ग, असं विचारलं तर चित्रकलेच्या बाई एकदम पेन्सिली तासायला लागल्या. फळीवर भूगोलाच्या सरांचा कप आहे, त्यावर बोटभर धूळ. सर रजेवर आहेत का विचारलं. शिपाईमामा म्हणाले, नाही, तासावर आहेत. आणि आले तसे निघून गेले.

६ सप्टेंबर, शुक्रवार

नववी ‘क’च्या वर्गातून लिहितेय. मुलं स्वाध्याय करताहेत, तेवढ्यात चार ओळी.

दुपारी तास मोकळा होता. वरच्या मजल्यावर नकाशे ठेवायला गेले तर टोकाच्या वर्गाच्या दारात भूगोलाचे सर उभे. म्हणजे तेच असणार. भुवयांत खडूची पूड, छातीशी हजेरीपट घट्ट धरलेला, हात थरथरताहेत. मला भडभडून आलं. म्हटलं, आणा इकडे, मी बघते वर्गाकडे, तुम्ही जरा चहा घेऊन या. त्यांनी विचारलं, स्वतःहून घेताय ना? तसं म्हणा. मी म्हटलं, हो हो, स्वतःहून. हजेरीपट हातात येताच ते रडायलाच लागले, आणि जिना तीन-तीन पायऱ्या उतरत पळाले. चहाची एवढी तलफ!

एक्केचाळीस मुलं. इतका शांत वर्ग मी पाहिलेला नाही. घड्याळात तीन वीस झालेत.

६ सप्टेंबर, अजून

सर आले नाहीत. कुणीच आलं नाही. चांगले तीन धडे शिकवून झाले. घड्याळ तीन वीसवरच. बंद असेल म्हणून मनगटावरचं पाहिलं. तेही तीन वीस. तिसऱ्या बाकावर उन्हाचा पट्टा आहे, तो तसूभरही सरकलेला नाही. तहान नाही, भूक नाही.

दोन वेण्यांची मॉनिटर उठली, फळ्यावरची तारीख पुसली आणि पुन्हा तीच लिहिली.

६ सप्टेंबर, फळ्यावर तरी

आज नियम मोडला. हजेरीपट टेबलावर ठेवला आणि सरळ बाहेर पडले. गेला खड्ड्यात नियम. व्हरांडा ओलांडला, जिना उतरले, खालचं दार उघडलं. आत नववी क. सगळी मुलं उभी राहून एका सुरात म्हणाली, नमस्ते बाई.

चार वेळा उतरले. चारही वेळा तेच. गुडघे दुखायला हवे होते, तेही दुखत नाहीत.

६ सप्टेंबर

वह्या तपासल्या. दुसरं करणार काय? प्रत्येक वहीत भूगोलाचा एकच धडा, शेकडो वेळा, पानांमागून पानं. त्याआधी शिवणकाम. त्याआधी व्याकरण. अक्षर कुठेही बदललेलं नाही. एवढ्या वर्षांत अक्षर मोठं होतं की मुलांचं!

चौकटीजवळ भिंतीवर नखांचे ओरखडे आहेत. पोपडा काढून पाहिला, धंदाच तो माझा. रंगाचे सात थर. सगळ्यात खालचा तर शिशाच्या पांढऱ्या रंगाचा, मी कारखान्यात लागले त्याच्या कितीतरी आधी वापरातून गेलेला. आणि ओरखडे सातही थरांवर.

मला घरी जायचंय. घरी जायचंय मला.

६ सप्टेंबर

खिडकीतून फाटक दिसतं. बाहेर मात्र दिवस जाताहेत. फाटकाजवळचं झाड हिरवं होतं, मी खडू उचलायला वळले, परत पाहिलं तर बोडकं.

शिपाईमामा झाडांना पाणी घालत होते. घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. त्यांनी वर पाहिलं. पाहिलं त्यांनी मला! टोपी काढली, मान खाली घातली आणि पाणी घालत राहिले. सगळ्यांना ठाऊक आहे. मोठ्या बाईंनाही. मेल्यांनो, एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही?

मॉनिटर म्हणाली, रडू नका बाई. पुढच्या बाई आल्या की तुम्हाला जाता येईल.

६ —

लेक! फाटकाशी लेक आली होती. मामांना काहीतरी विचारत होती, कमरेवर हात देऊन. केवढं पोट आलंय तिचं, देवा. दिवस भरलेत. म्हणजे बाहेर दोन महिने —

मामा नाही-नाही म्हणून मान हलवत होते. ती गेली. बरं झालं गेली.

खोटं कशाला लिहू. गेली तेव्हा हंबरडा फोडला मी.

आता कळलंय सगळं. कुणीतरी स्वतःहून हजेरीपट घेतला की सुटका. सरांनी मला तेवढंच विचारलं होतं. आणि मी, शहाणी, आणा इकडे म्हणाले.

नववी क

ठरवलंय. कुणी का येईना, चित्रकलेच्या बाई, मोठ्या बाई, ‘स्वतःहून’ म्हणवून घेऊन हातात कोंबेन. लाज नाही वाटणार.

फक्त ती नको. ती आली तर हजेरीपट द्यायचा नाही. शंभर वेळा लिहून काढलं फळ्यावर — द्यायचा नाही, द्यायचा नाही. मुलांनी उतरवून घेतलं.

—

व्हरांड्यात पावलं. जड, सावकाश. थांबत थांबत. ओळखते मी —

मुलं उठली. म्हणताहेत, पुढच्या बाई आल्या.

दारात आहे. धाप लागलीय तिला. आई म्हणून हाक मारतेय. जा म्हणते तर आवाजच फुटत नाही माझा, एवढ्या धड्यांनी — लिहून दाखवते. जा. जा बाळा. आत येऊ नकोस

वाचत नाहीये. माझ्या हातांकडेच बघतेय. थरथरताहेत ना. हजेरीपट छातीशी धरलाय मी, सोडत नाही, एका हाताने लिहिते, सोडणार ना—

मुलं एका सुरात विचारताहेत तिला, स्वतःहून घेताय ना

हसली. रडता रडता हसली माझी पोर. हात पुढे केला तिने. म्हणाली, हो गं, आण इ