दुसरी ताटली

मंगळवार, ३ मे १९९४

पोचले एकदाची! लॉरीतून उतरले तेव्हा माझा लाल मातीचा पुतळा झाला होता. सासूबाईंनी अंगणाबाहेरच डोक्यावर पाणी ओतलं आणि मगच पोटाशी धरलं. म्हणाल्या, बाहेरून आलेल्याला आधी पाणी, मग मिठी. म्हणताना त्यांचे डोळे का भरून आले कोण जाणे.

लढाईपायी आठ वर्षं छावणीत काढली, एका ताडपत्रीखाली अकरा माणसं. आता ही अख्खी झोपडी माझी! नव्या गवताचा वास येतोय. दार बाकीच्या घरांकडे नाही, रानाकडे आहे. मला काय, वारा तर येतो. नवरा, फिनियास, सीमेपलीकडे जोनीच्या सोन्याच्या खाणीत कामाला आहे, महिनाअखेरीस येणार. लग्न त्याच्या फोटोशीच लागलं म्हणायचं. शिपायाच्या टोपीतला फोटो. कान मोठे आहेत, पण चालतील. आई म्हणाली होती, फोटोतला नवरा बरा, मारत तरी नाही. वही छावणीतल्या शाळेची आहे. अर्ध्या पानांवर पाढे, उरलेल्यांवर माझा संसार.

गुरुवार, ५ मे

सासूबाई मला चुलीपाशी फिरकूसुद्धा देत नाहीत. स्वतः आणून वाढतात. मक्याचा घाटा, शेंगदाण्याच्या कुटातली कसाव्याची पानं, कधी सुकी मासळी. सुख म्हणजे आणखी काय असतं? ताटल्या मात्र दोन आणतात. दुसरी त्याची. घरधनी लांब असला तरी त्याचं वाढायचं, नाहीतर रुसतो, म्हणाल्या. मला हसूच आलं. एवढा रुसका नवरा!

पलंगाखाली त्याचे लष्करी बूट सापडले. खोबरेल चोळून चोळून लख्ख केले आणि मोठ्या हौसेनं सासूबाईंना दाखवले. तर त्या मटकन खालीच बसल्या. ऊन लागलं असेल.

शनिवार, १४ मे

विहिरीवर बायका मला पुढं करतात. आधी वाटलं, नव्या नवरीचा मान. पण मी वळले की गप्पा बंद. मी भाजलेले शेंगदाणे पोरांना दिले, तर त्यांच्या आयांनी हातातून काढून घेतले. आम्ही काय विष कालवतो?

नणंद साउजिना तेवढी बोलते. माझ्याच वयाची, तोंडाची फटकळ, जीव लावावा अशी. रोज येते, पण उंबऱ्याबाहेर बसते. आत ये म्हटलं, मी काय विंचू आहे? तर म्हणाली, आत तुम्ही दोघं आहात की, मी कशाला मध्ये. चिडवते मेली.

रविवार, २२ मे

हे लिहावं की नाही? सकाळी झाडताना बुटांची टोकं भिंतीकडे होती. दुपारी जेवून पडले, उठले तर टोकं पलंगाकडे. मीच फिरवले असतील. मीच.

पाऊस संपून दोन महिने झाले. रान भाजून निघालंय. बुटांना ओला चिखल कुठून?

आणि दुसरी ताटली सासूबाई उचलून नेतात तेव्हा ती रिकामी असते. मी हातसुद्धा लावलेला नाही.

मंगळवार, ३१ मे

फिनियास आला. लाल कापुलाना कमरेला गुंडाळून, केसांना तेल लावून मी दारात उभी. खांद्यावर बॅग, कान फोटोतल्यासारखेच. मनात म्हटलं, घोडामैदान जवळच आहे.

तो दहा पावलांवर थांबला. गुडघे टेकले, आपल्याकडे वडीलधाऱ्यांपुढे वाजवतात तशा हळू टाळ्या वाजवल्या आणि मला म्हणाला, वहिनी, बऱ्या आहात ना?

वहिनी!

मग माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, दादा, घर झालं, बायको झाली, आता तरी आम्हाला सोडा. आणि उठून आईच्या घरात गेला. दार लावलं. मी तिथंच उभी. पाठीमागं, आत, पलंग करकरला.

बुधवार, १ जून

सासूबाईंना धरलंच. सगळं ओकल्या.

शिपाई लढाईवरून परतला की त्याला बाहेरच थांबवायचं, अंगावरचं सगळं जाळायचं, वैदूच्या पाण्यानं धुवायचं, मगच घर. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण सात वर्षांनी पोटचा गोळा दिसला आणि ह्या बाईंनी हात धरून त्याला थेट चुलीपाशी ओढलं. पायातले बूट तसेच. ते बूट त्याचे नव्हतेच. रानात एकाला मारलं, त्याचे काढून घेतलेले. धुगधुगी होती अजून त्या माणसात. म्हणाला होता, बूट राहू दे रे, घर लांब आहे माझं. ह्यानं ऐकलं नाही.

तो मेलेला बुटांमागून इथं आला. वर्षात फिनियासची दोन्ही मुलं गेली, बायको गेली. बूट जाळले, दुसऱ्या दिवशी दारात. मग वैदूच्या तोंडून तो बोलला. घर द्या, बायको द्या. साउजिनाच मागितली.

एकुलती एक लेक माझी, म्हणाल्या. म्हणून तुला आणली.

मी विचारलं, आणि मी कुणाची लेक नव्हते का? त्या ढसाढसा रडल्या. रडताना माझं मनगट मात्र सोडलं नाही.

शनिवार, ४ जून

पळाले. साउजिनानं लॉरी गाठून दिली. पायावर पडली माझ्या, वेडी. म्हणाली, मागं बघू नकोस. नाहीच बघितलं. लॉरीत शेजारची जागा रिकामी होती, गर्दी असून कुणी बसेना.

माहेरच्या अंगणात पोचले, आईला हाक मारली. ती आली, पण माझ्याकडे बघेचना. माझ्या मागे बघत होती. कापुलाना सावरला, गुडघे टेकले. म्हणाली, फेलिस्मिना, अगं, जावईबापूंना उन्हात काय उभं केलंस?

चटई अंथरली. दोन ताटल्या मांडल्या. भावजयीनं बाळाला छातीशी आवळून आत पळ काढला. आई हलक्या आवाजात म्हणाली, बाई, परत जा. इथं राहिलीस तर तो या लेकरावर डोळा ठेवेल. तिला आधीपासून ठाऊक होतं. आई गं, तुला ठाऊक होतं!

बाळाकडे बघवेना. संध्याकाळच्या लॉरीनं परत.

गुरुवार, ९ जून

बूट नदीत टाकले, दगड बांधून. झोपडीत आले तर पलंगाखाली. पाणी निथळतंय. दगडसुद्धा सोबत.

सोमवार, १३ जून

साउजिना म्हणते, मी आत येते, तू जा, हे माझंच होतं. उंबऱ्यावर पाय ठेवला तिनं. मीच ढकलली बाहेर. एक बाई खाल्ली, दुसरी कशाला. आता दार आतून मीच लावते. कुणी यायला नको.

शुक्रवार, १७ जून

भर दुपारी घास चावल्याचा आवाज. सावकाश. मी भिंतीकडे तोंड करून —

नाव विचारलं त्याला. सांगत नाही. घर कुठं, विचारलं. पलंग करकरला. हेच, म्हणे. हेच.

या महिन्यात पाळी आली नाही. मला कुणी पुरुषानं शिवलेलंही नाही. भीतीनं चुकत असेल. छावणीत चुकायची तशी —

मंगळवार

तारीख नको. सासूबाई ताटल्या मांडून गेल्या. तीन. तिसरी लहान, लाकडी, नव्यानं कोरलेली. मी विचारलं, ही कुणाची? त्या माझ्या पोटाकडे बघून हसल्या. किती दिवसांनी हसल्या. टाळ्या वाजवल्या हळू, पोटापुढं —

जाताना त्यांनी बाहेरून कडी लावली. मी आतून लावते तरी —

बूट पलंगाखाली नाहीत. दारातही —

पोटात आत्ता, लाथ मारल्यासारखं. इतक्यात कसं? जड पायाची, बुटाच्या —