मनगटाचा खेळ

४ फेब्रुवारी

खुर्ची गेली!

खिडकीजवळची, पहिली. इतकी वर्षं माझी होती. सकाळी बाईंनी आत बोलावलं. बाई म्हणजे आमच्या पार्लरच्या मालकीणबाई. म्हणाल्या, "तू स्वतःचं पार्लर काढायच्या बेतात आहेस, असं कानावर आलंय. माझी गिऱ्हाइकं फोडून नेशील, त्याआधी मलाच काहीतरी करायला हवं." झालं! उद्यापासून मी मागे, बेसिनवर. लोकांची डोकी धुवायची. मी!

कुणी सांगितलं असेल? मी ही गोष्ट फक्त दोघींजवळ बोलले होते. एक धाकटी — माझी सख्खी बहीण, तीही इथेच कामाला. दुसरी नखवाली. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून लोकांची नखं रंगवते, दिवसभरात चार शब्द बोलेल तर शपथ. परवा चहा पिता पिता तिच्याजवळ बोलून गेले. तोंडावर कशी गरीब गाय दिसते!

खुर्ची धाकटीला दिली. "तात्पुरती," बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं मी जळेन. उलट बरं वाटलं. घरातच राहिली.

नखवाले, तुला सोडणार नाही.

६ फेब्रुवारी

दुपारच्या चहाला नखवालीला खेळात ओढली. केसांची पिन दिली. म्हटलं, हात पाठीमागे ने, वाटेल त्या मुठीत लपव, मग दोन्ही मुठी पुढे कर. मी ओळखलं तर सगळ्यांचे कप तू धुवायचे.

सोपं असतं ते. पिन ज्या मुठीत असेल त्या बाजूला माणसाचं नाक जरासं वळतंच. त्याचं त्यालाही कळत नाही. मामाने शिकवलं मला हे. मामाला हाताला लागेल ती वस्तू पुरायची — किल्ली, काडेपेटी, चमचा. पाहुणे आले की त्यांच्या मनातलं काढून दाखवायचा आणि वर म्हणायचा, "जादूबिदू काही नाही, पोरी. तोंड खोटं बोलतं, अंग खोटं बोलत नाही."

मला तर धंद्यातही त्याचाच उपयोग झाला. गिऱ्हाईक म्हणतं, थोडेच काप हं. मान म्हणत असते, काढून टाक एकदाचे! मी मानेचं ऐकते. म्हणून तर माझ्या खुर्चीसाठी लोक थांबायचे.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. नखवालीची दमडीची निघाली! प्रत्येक वेळी ओळखली. सगळे कप तिनेच धुतले, चकार शब्द न काढता. पोटात पाप असलं की बोलणार तरी काय?

९ फेब्रुवारी

डोकीच डोकी. हाताची बोटं सुरकुतून पांढरी पडली आहेत. माझीच जुनी गिऱ्हाइकं टॉवेल गुंडाळून धाकटीच्या खुर्चीकडे पाठवते.

१३ फेब्रुवारी

आज मजा आली!

नखवालीच्या टेबलावर एक गिऱ्हाईक बसलं होतं. मी मुद्दाम तिथे गेले. म्हटलं, या बाटल्यांवरून एकदा नजर फिरवा, एक रंग मनात धरा, सांगू नका. नजर सगळ्यांवरून फिरते, पण आवडलेल्या बाटलीवर परत येते. मी जांभळी उचलली. गिऱ्हाईक उडालंच! "अय्या, हाच!" मग मी गोड आवाजात म्हटलं, "आणि हिने तुमच्या बोटाला गुलाबी लावायला घेतलाय. समोर बसून मनातलं ओळखता येत नाही हिला."

गिऱ्हाइकाचं तोंड उतरलं. सगळं पुसून पुन्हा लावायला लावलं.

धाकटी घरी म्हणाली, "ताई, पुरे ना आता. बिचारी रडत होती आत."

बिचारी! माझी खुर्ची गेली तेव्हा कोण रडलं?

१८ फेब्रुवारी

ठरलं. शनिवारी पार्लरचा वाढदिवस आहे. केक, फुगे, नेहमीची चांगली गिऱ्हाइकं, सगळ्यांसमोर बाईंचं भाषण. बाई स्वतःच म्हणाल्या, "तुझे ते मनातलं ओळखायचे खेळ कर. लोकांना आवडतात." करते ना! असा करते की जन्मभर लक्षात राहील.

मामाचा मोठा खेळ करणार, मनगटाचा. एकाने एखादी वस्तू मनात धरायची. आपण त्याचं मनगट धरायचं नि चालायला लागायचं. त्याने तोंड मिटून मनातल्या मनात वाट सांगायची — पुढे, डावीकडे, थांब. हात आपोआप बारीकशी ओढ देतो. आपण फक्त त्या ओढीमागून जायचं.

शनिवारी मनगट नखवालीचं धरणार. आणि वस्तू नाही, माणूस मनात धरायला सांगणार — इथे चुगली कुणी केली ते. सगळ्यांसमोर कशी थरथर कापते ते बघायचंय मला. बाईंनाही बघू दे, कुणाच्या शब्दावर त्यांनी मला बेसिनवर बसवलं.

२० फेब्रुवारी

धाकटीवर सराव. साबण, चप्पल, आईचा फोटो, सगळं धडाधड सापडलं. लहानपणापासून तिचाच हात धरून शिकले, नाही कसं सापडणार?

मग म्हटलं, आता खऱ्यातला करू. चुगली कुणी केली, तिला मनात धर. पार्लर इथेच आहे समज — कपाट म्हणजे खिडकीची खुर्ची, पलंग म्हणजे नखवालीचं टेबल. ने मला.

काही नाही! हात मेल्यासारखा, ना पुढे ना मागे. नुसता ओंडका. म्हटलं, अगं, पलंगाकडे जायला काय झालं? तर म्हणाली, "दमलेय गं. उभं राहून राहून पाय भरून आलेत. आणि शनिवारी हे नको करूस ना, ताई. बाईंसमोर शोभेल का?"

घाबरट आहे. कायमचीच.

२४ फेब्रुवारी

काय लिहू?

केक कापून झाला. मी पुढे झाले, नखवालीला बोलावलं. ती यायला तयार नव्हती. सगळ्यांनी टाळ्या वाजवून ढकलली. मनगट धरलं, गार होतं. मी मोठ्याने म्हटलं, "या खोलीत एक चहाडखोर आहे. तिला मनात धर. बोलू नकोस, मी शोधते." लोक हसले. बाईंचा चेहरा ताठ झाला.

मला वाटलं होतं, तिचा हात जागच्या जागी अडेल. स्वतःकडे हात जाणार तरी कुठे?

पण हात चालायला लागला! ओढ बारीक नव्हती, चांगली खेचत होती. फुगे ओलांडले, बाईंच्या पुढून गेलो, आरशांच्या रांगेतून पुढे, खिडकीकडे. पहिली खुर्ची. हात थांबला.

समोर धाकटी. हातात केकची बशी. तोंड पांढरंफटक.

परवाचा तो ओंडका आठवला. स्वतःकडे हात जाणार तरी कुठे!

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. एक शब्द, बस. तोंडात आला होता. आणि मी तिला ओलांडून मागच्या आरशावर हात ठेवला. म्हटलं, "हा! चुगली करणारा आरसा! सगळ्यांचं वय सांगतो मेला!" खूप हसले लोक. कुणीतरी ओरडलं, "हरलीस गं पहिल्यांदा! कप तू धू!"

धुतले. नखवाली फडकं घेऊन पुसायला आली. मी विचारलं, "तुला कसं माहीत?"

"मी बाईंची नखं करत होते तेव्हा. ती आत आली, माझ्यासमोरच बोलली. मला कुणी मोजतच नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

काखेत कळसा नि गावाला वळसा. आणि त्या वळशात या पोरीला मी पायाखाली तुडवली. कप पुसून ती जागेवर जाऊन बसली. मला मान वर करवेना.

२५ फेब्रुवारी

धाकटीला समोर बसवलं. नाकारलं नाही तिने. रडली, नाक ओढत बोलली — "तू म्हणालीस, आधी मी एकटी जाते, तुझा हात अजून कच्चा आहे. तू गेलीस की मी तिथे कुणाच्या आधाराने राहणार होते? वाटलं, बाई तुला रागावतील, तू बेत सोडशील. तुला बेसिनवर बसवतील असं वाटलं नव्हतं गं!"

"आणि खुर्ची? ती मात्र पटकन घेतलीस!"

ती उठून चुलीकडे गेली.

खुर्ची हवी होती म्हण की सरळ! परक्याने केलं असतं तर एवढं लागलं नसतं. आई गेल्यावर हिची वेणी मी घातली, हिच्या हातात कात्री मी दिली. त्याच कात्रीने माझा गळा कापला.

बाईंशी भांडून काय होणार? मी दुसरं काहीतरी करणार. पार्लर काढणारच. आणि हिला तिथेच ठेवून जाणार. हिला ज्याची भीती होती ना, तेच. त्याहून मोठी शिक्षा नाही.

२७ फेब्रुवारी

नखवालीची माफी मागितली. म्हणाली, "कप धुवा आठवडाभर." धुणार.

२ मार्च

धाकटीशी बोलत नाही. एकाच घरात, एकाच चुलीवर. मीठ हवं असलं तरी हात लांब करून घेते. ती जेवत नाही धड. बरं आहे.

१९ मार्च

जागा मिळाली! लहानशी आहे, पण उजेड छान. दोन खुर्च्या आणि एक टेबल मावेल. टेबल नखवालीचं. विचारलं तर "येते" म्हणाली, नेहमीसारखं एकाच शब्दात.

दुसऱ्या खुर्चीवर कुणीही बसेल. ही सोडून!

३० मार्च

उद्या बाईंकडचा शेवटचा दिवस. धाकटी दारात उभी राहिली. म्हणाली, "मला नेणार नाहीस ना?"

तोंडाने नाही म्हणायचं नव्हतं मला. चांगलं लागायला हवं होतं. मनगट पुढे केलं. म्हटलं, "धर. हात दूर गेला, तर मी एकटी जाणार. तूच बघ."

तिने धरलं. मी डोळे मिटले, दात आवळले आणि मनात एकच धरलं — दूर, दूर, दूर.

मेला हात! तिच्याकडेच गेला.