खुंट बघून घेतलेला मदरबोर्ड

निफाड,
ता. १६ फेब्रुवारी

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. (खरोखरचा घातला असता, पण माल काढणीला आल्यापासून कंबर धरली आहे. एकदा आडवा झालो की उठवायला सिंधूला दोन माणसं बोलवावी लागतील.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची साखर उतरली का, की अजून चहा बिनसाखरेचा आणि बर्फी मात्र सगळ्यांच्या बरोबरीने असंच चाललं आहे? सोबत द्राक्षांची पेटी पाठवली आहे. पत्र पेटीच्या तळाला कागदाखाली ठेवलं आहे, त्याला कारण आहे. फोन करावा तर तुझा फोन हल्ली रवी उचलतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर चष्मा सापडत नाही म्हणून तू ते त्याच्याकडूनच वाचून घेतेस. आणि आमच्या चिरंजीवांनी बापाशी बोलणं सोडून तुझ्याकडे मुक्काम केल्याला आता चार महिने झाले. त्याची बाजू तू रोज जेवताना ऐकतच असशील. माझीही एकदा ऐक.

ऑक्टोबर छाटणी झाली होती, वरून पाऊस पडून गेला होता आणि डावणी रोगाचं औषध तासाभरात पानांवर जायला हवं होतं. ट्रॅक्टर रवीने चालवायचा. तो खोलीतून म्हणाला, "पाच मिनिटं पप्पा, मॅच चालू आहे, मधेच सोडता येत नाही." ती पाच मिनिटं पाऊण तास चालली. मग मी आत गेलो, त्याचा कॉम्प्युटर वायरींसकट उचलला आणि शेततळ्यात टाकला. (गावात सगळे फेकला म्हणतात. फेकला नाही, कडेला बसून हळू सोडला. तळ्याचा प्लास्टिकचा कागद फाटू नये एवढं भान मला होतं.) संध्याकाळी पोरगा बॅग घेऊन तुझ्या दारात. त्यानंतर तू फोनवर मला जे बोललीस, तसं आई गेल्यापासून कोणी बोललं नव्हतं.

असो. तर आता कळवायला आनंद होतो की तुझ्या या अकरावी नापास भावाने स्वतःच्या हाताने गेम खेळायचा कॉम्प्युटर जुळवला आहे. विकत आणला नाही, जुळवला. झालं असं, की रवीने आधीच नवा प्रोसेसर मागवून ठेवला होता. रवी गेला तेव्हा तो कपाटावरच राहिला, खोकंसुद्धा फोडलेलं नव्हतं. मी रोज टोपी घ्यायला कपाटाशी जायचो आणि ते खोकं दिसायचं. टोपी खुंटीला लावून पाहिली, तरी नजर तिकडेच. शेवटी सिंधू म्हणाली, "एक तर ते त्याला पाठवून द्या, नाहीतर त्याला घर करून द्या." पाठवून दिलं असतं तर विषयच संपला असता, म्हणून मी घर करायचं ठरवलं. यूट्यूबवर पंधरा दिवस अभ्यास केला. तिथली सगळी पोरं आधी ग्राफिक्स कार्ड बघतात, मग आतले लाल-निळे दिवे बघतात, आणि मदरबोर्डचं नाव शेवटी घेतात. मला हसू आलं. अगं, आपण बाग लावताना काय करतो? आधी जंगली खुंट लावतो, तो जमिनीत धरला की त्यावर आपल्या जातीची काडी भरतो. घड मागाहून येतात. मदरबोर्ड म्हणजे खुंट आणि प्रोसेसर म्हणजे काडी, हे एवढ्या शिकलेल्या लोकांत मला एकट्याला दिसलं. (सिंधूला सांगितलं, तर तिने "बरं" एवढंच म्हटलं. तिला या विषयात गती नाही.)

मग नाशिकला महात्मा गांधी रोडवर एका दुकानात गेलो. तुझ्याकडे आलो नाही, त्याबद्दल रागावू नकोस. रवी दिसला असता. दुकानदार आल्हाद म्हणून आहे, तिशीचा, तोंडाने गोड. कुठले गेम खेळणार, काका, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, गेमचं राहू दे, तू खुंट दाखव. मग प्रोसेसर कुठला आहे, असं त्याने दोनदा विचारलं, आणि मी दोन्ही वेळा सांगितलं की काडी माझी मी बघतो. दिव्यांचा बोर्ड त्याने पुढे केला, तो मी परत केला. दिव्यावर किडे येतात, आमच्याकडे त्यासाठीच सापळ्याला दिवा लावतात. शेवटी त्याच्या दुकानातला सगळ्यात जाड, सगळ्यात जड मदरबोर्ड हातात तोलून घेतला आणि रुबाबात घरी आलो. घरी येऊन बघतो तर बोर्डाला भोकं आणि आपल्या प्रोसेसरला पायच नाहीत, खालून सपाट! खुंट एका कुळाचा, काडी दुसऱ्या कुळाची. जन्मात कलम धरलं नसतं. दुसऱ्या दिवशी परत गेलो. आल्हादने एका शब्दाने टोमणा मारला नाही, नुसतं मान खाली घालून बोर्ड बदलून द्यायचं कबूल केलं. (त्याचे खांदे हलत होते, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.)

या खेपेला प्रोसेसर खिशात घालून नेला होता. त्याला चालतील असे पाच बोर्ड मी काउंटरवर मांडायला लावले. प्रत्येक उलटा करून पाहिला. वीज कुठून येते, कशी वाटली जाते, उन्हाळ्यात आमच्याकडे बेचाळीसला पारा गेला की कुठला भाग आधी तापेल, सगळं विचारलं. मेमरीच्या पट्ट्यांना दोनच जागा असलेले दोन बाजूला काढले. पुढेमागे वाढवायचं म्हटलं तर जागा नको? गिऱ्हाइकं आपली कामं सोडून आमच्याभोवती उभी राहिली. मग मी शेवटचा प्रश्न विचारला: तीन वर्षांनी ही काडी छाटून याच खुंटावर नवी भरता येईल का? आल्हादने हातातला बोर्ड खाली ठेवला. मग म्हणाला, "काका, हे आधी विचारणारं गिऱ्हाईक मला अजून भेटलं नव्हतं." अक्का, त्या क्षणी दाजी तिथे असायला हवे होते. नाशिकला राहतात म्हणून मला कॉम्प्युटरमधलं शिकवतात! उरलेल्या तीन बोर्डांपैकी एकावर पुढची काडीही चढणार होती. तोच घेतला.

आता जे सांगतो ते दाजींना सांगू नकोस. घरी आल्यावर बोर्डाचं झाकण काढलं. आत केसासारख्या बारीक हजारभर पिना. प्रोसेसर त्यांवर अलगद ठेवायचा असतो. पण चाळीस वर्षं कलमं भरलेला हात, काडी बसवली की अंगठ्याने दाबायची सवय. दाबली. उचलून पाहिलं तर तीन पिना वाकड्या. आपल्या हाताने मोडलेली वस्तू कुठल्या तोंडाने परत न्यायची? आणि खरं सांगू, बोर्ड गेल्याचं दुःख नव्हतं. आपण त्या पोराची दुसरी वस्तू मोडली, असं वाटलं आणि खुर्चीत बसून राहिलो.

तेवढ्यात लंकाबाई आली. ती हरसूलकडची, अकरा वर्षं आपली टोळी घेऊन आमच्या बागेत येते. विरळणीत एका मण्याला धक्का न लावता शेजारचा मणी कात्रीने काढते. पेट्या किती भरल्या ते सांगायला आली होती. मी तिच्यासमोर बोर्ड ठेवला, कीड बघायचं भिंग दिलं आणि सुई दिली. हे काय आहे, असं तिने विचारलं. रवीचं आहे म्हटल्यावर तिने पदर खोचला आणि म्हणाली, "रवीदादाचं हाय? मंग करते. मालक, तुमी मागं सरा. श्वास बी तिकडं सोडा." मी ओसरीवर जाऊन उभा राहिलो. दहा मिनिटांत तिन्ही पिना इतर पिनांसारख्या उभ्या. कॉम्प्युटरच्या कॉलेजात हे शिकवत असतील असं मला वाटत नाही.

नंतर आल्हादकडूनच आणलेलं बाकीचं सगळं मीच बसवलं. बटण दाबलं, पंखे फिरले आणि पहिल्या झटक्यात पडदा उजळला. विंडोज वगैरे आल्हादने फोनवर सांगत सांगत माझ्याकडून चढवून घेतलं. सिंधूने साखर वाटली. फुगलेली छाती अजून खाली आलेली नाही. कॉम्प्युटर रवीच्या खोलीत, रवीच्या टेबलावर ठेवला आहे.

दाजींना नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना तिळाचं तेल लाव.

तुझा धाकटा भाऊ,
खंडेराव

ता. क. – यातलं रवीला काही सांगायचं नाही. मी त्याला बोलावतो आहे असं त्याला अजिबात वाटता कामा नये.

ता. क. दुसरा – एक बारीक अडचण आहे. आज सकाळपासून पंखे फिरतात, पण पडद्यावर काही दिसत नाही. आल्हाद म्हणतो घेऊन या, पण जुळवलेली वस्तू हलवणं मला पटत नाही. जाणकार माणूस घरीच यायला हवा. येत्या रविवारी कोणाला सुट्टी असली तर बघ. कोणाला म्हणजे कोणालाही.

ता. क. तिसरा – शेततळ्याचं माझं चुकलं. तोंडावर म्हणायला मला जमणार नाही, तू सांग. त्याच्याशिवाय घरात करमत नाही.

वन्सं, नमस्कार. पत्र पेटीत ठेवायला हे माझ्याकडे देऊन गेले, म्हणून खाली चार ओळी लिहिते. कॉम्प्युटरला काही झालेलं नाही. चार दिवस झकास चालू होता. काल हेच ट्रक चालवायचा खेळ खेळत बसले आणि मालाची खरी गाडी दारात अर्धा तास हॉर्न वाजवत उभी होती. आज पत्र लिहायच्या आधी ह्यांनी पडद्याची वायर मागून सैल करून ठेवली, लागलेली दिसेल अशी. मी दारातून पाहिलं. रवीला पाठवाच. त्याला ती एका मिनिटात सापडेल. पण त्याला म्हणावं, सापडली तरी बोलू नको, निदान दोन-तीन दिवस शोध. – सिंधू