सहावीचा भूमितीचा तास आणि मंजूर झालेली रजा

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी,
पंचायत समिती, पोलादपूर.

विषय : अर्जदारास दिलेली रजा रद्द करण्याबाबत.
संदर्भ : शाळा तपासणीनंतरचे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार सौ. सोनाली भरत उतेकर या सहावीला गणित शिकवतात. त्यांची मुलगी सेजल याच वर्गात होती. जूनअखेर ती तापाने वारली. दिवसकार्य उरकून पती मुंबईस कामावर गेले आणि अर्जदार शाळेत हजर झाल्या.

तेव्हा बिंदू, रेषा, रेषाखंड हा पाठ चालू होता. अर्जदार फळ्यावर दोन बिंदू काढून जोडत व रेषाखंड असे लिहीत. रेषेला दोन्ही टोकांस बाण काढावे लागतात. ते त्यांच्या हातून होईना. त्या खुर्चीवर बसत. मुले तेवढेच उतरवून घेत. रोज हेच चाले. अर्जदारांस रडू आले नाही, तसेच दुसरे काही वाटले असेही नाही.

तपासणीच्या दिवशी आपण रेषा व किरण यांतील फरक विचारला. कोणालाच आला नाही. तेव्हा कु. श्रुतिका उभी राहून म्हणाली, "बाईंनी शिकवलंय सर. आम्हीच इसरलो."

आपल्या शेऱ्यात ते तसेच नोंदले आहे. ते दुरुस्त व्हावे. मुले विसरलेली नाहीत, त्यांना शिकवलेच नव्हते. श्रुतिका खोटे बोलली, त्याबद्दल तिला काही बोलू नये.

दुसऱ्या दिवशी अर्जदारांनी तिच्या हाती खडू दिला व फळा संपला तरी थांबू नको असे सांगितले. रेषा भिंतीवरून दारापर्यंत गेली. तेथून पुढे ती जातच राहते, हे अर्जदारांनी तोंडी समजावले. मग किरण घेतला. तास संपेपर्यंत त्या उभ्या होत्या. भिंत खराब झाल्याचा खुलासा वेगळा सादर करीत आहेत.

त्याच संध्याकाळी रजेचे पत्र आले. आपण ते सहानुभूतीने दिले, याची जाणीव आहे. सासूबाई श्रीमती चंद्राबाई यांना वाचून दाखवले. सेजल गेल्यापासून त्या ओटीवरून हललेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "घरात मी बसल्येय ती पुरं हाय. तू जा गो शाळंत."

तरी रजा रद्द करून अर्जदारांस सहावीच्या वर्गावर राहू द्यावे. पुढचा पाठ कोनांचा आहे. तो त्या शिकवतील असे वाटते. खात्री देता येत नाही.

रजा रद्द करणे नियमात बसत नसल्यास, ती घरी कशी काढावयाची याबाबत लेखी मार्गदर्शन मिळावे, ही विनंती.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
सोनाली भरत उतेकर
उपशिक्षिका

दि. २१ ऑगस्ट २०२४