समोरच्या खोबणीतलं वजन

३ नोव्हेंबर
लागले कामाला. तेलगिरणीच्या मागच्या नव्या प्रयोगशाळेत नळ्या धुवायच्या. गरम पाणी भरपूर, कॉफी फुकट. ऑलिव्हचं तेल काढल्यावर उरणारं काळं, घाणेरडं पाणी आम्ही जन्मभर ओढ्यात सोडलं. इथे त्यातून औषधाचं सत्त्व काढतात. यंत्राचं नाव जिभेला वळत नाही, मी भोवरा म्हणते. तो नळ्या गरगरा फिरवतो. तेल वर, पाणी मध्ये, गाळ तळाला. इथली शिकलेली इफी, जिभेची तिखट. म्हणाली, मावशी, प्रत्येक नळीच्या समोरच्या खोबणीत तेवढ्याच वजनाची नळी हवी, नाहीतर भोवरा तुम्हाला घेऊन छपरातून जाईल. म्हटलं, बरं होईल, घरी चालत जायला नको. ही डायरी तिनंच दिली. म्हणते लिहा, हात वळेल.

८ नोव्हेंबर
नवऱ्याला, स्ट्रातोसला, आज कबरीतून वर काढलं. पुरून तीन वर्षं झाली, आता रीतीप्रमाणे हाडं वाइननं धुऊन चर्चमध्ये पेटीत ठेवायची. पिवळी निघायला हवीत. ह्याची काळी, कवटीवर केस तसेच. पाद्री पापा-याकोवोस म्हणाले, मातीनं घेतलं नाही, परत पुरा. म्हणजे गाव बोलणार, काय पाप केलं होतं म्हणून. आणि परत खणायचं कुणी? गिरणीच्या नळावर नेऊन वाइन ओतून ब्रशनं घासली, पांढरी केली, पेटी बंद. धुवण कबरीत ओतायचं असतं. पाऊस, चिखल, टेकडी. प्रयोगशाळेच्या काळ्या पाण्याच्या टाकीत ओतलं.

११ नोव्हेंबर
नळीत गाळाच्याही खाली एक थर बसला. पांढरा. इफी खूष, असं कधी पाहिलं नाही म्हणाली. मला वाइनचा वास आला. थरात एक आखूड काळा केस होता. नळी धुतली.

१४ नोव्हेंबर
पांढरा थर रोज जाड होतोय. वजन जुळवायला समोर साध्या पाण्याची नळी लावतो. भोवरा थांबला तेव्हा त्या पाण्यात केस. लांब, करडे. माझे. वेणी निम्मी झाली आहे. दुखलं नाही. इफी म्हणाली, मावशी, टोपी घालत जा.

१७ नोव्हेंबर
चर्चमध्ये जाऊन पेटी उचलली. हलकी. उघडली. आत वाइनचा डाग, बाकी काही नाही. पापा-याकोवोसनी पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाले, धुवण आणा, कबरीत ओतू, नाहीतर तो वरच राहील. टाकी रिकामी आहे. सगळं भोवऱ्यातून गेलं. पांढऱ्याच्या नळ्या इफीच्या कुलपात. मागितल्या. हसली, म्हणाली, तोंडाला लावायच्यात का?

१९ नोव्हेंबर
कुलूप फोडलं. नळ्या धरता येईनात. डाव्या हाताची बोटं कळत नाहीत — आहेत का ते बघावं लागतं. दोन नाहीत. रक्तही नाही. समोरच्या नळीच्या तळाला नखं —
इफी ओरडून पळाली. मला भीती वाटायला हवी. वाटत नाही.

२०
भोवरा आपोआप फिरतोय. पांढऱ्या नळ्या त्यात आहेत — मी ठेवल्या नाहीत. बंद करायला हात लावला. लावला असं वाटलं. तिथे हात —
उजव्यानं लिहितेय. भोवऱ्याच्या काचेतून स्ट्रातोस दिसतो, केसांसकट. समोरची खोबणी अजून थोडी हलकी आहे
थोडीच
आता बरो